माझ्या गुडघ्याचं सोंग

आमच्या बार्शीकडच्या वाशी गावाबाहेर पाण्याच्या टाकीपाशी रस्ता फुटतो. डावीकडचा पाझर तलावाच्या पाळीवर जातो, इतका सपाट की म्हशीही झोपेत चालून जातील. उजवीकडचा डोंगर चढतो, वर पवनचक्क्यांपर्यंत. माझी थोरली जाऊ, म्हणजे आमच्या अक्का, आणि मी कित्येक वर्षं सकाळी साडीखाली बूट घालून फिरायला जायचो. टाकीपाशी आलं की अक्का न विचारता उजवीकडं वळायच्या. एकदा मी पाळीचं नाव काढलं, तर म्हणाल्या, "त्यापरीस घरात ओसरीवर येरझाऱ्या घाल की. बूट तरी झिजायचे न्हायत."

मी नवी नवरी होते तेव्हा सीताफळं आणायला याच बाईनं मला त्या डोंगरावर नेलं होतं. अर्ध्यात मी रडायला लागले. "रडत रडत चढ," त्या म्हणाल्या, "पण चढ." सासरी मला पहिल्यांदा कुणी आपलं मानलं ते तिथं.

गेल्या वर्षी अक्कांना धाप लागायला लागली. बार्शीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप अरुंद झालीय. सपाटीवर हवं तेवढं चाला, चढ अजिबात नको. अक्का "बरं" म्हणाल्या. अक्कांचं "बरं" म्हणजे नाही, हे मला पाठ होतं. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "त्याला चढातलं काय कळतंय? त्याचा दवाखाना तळमजल्यावर हाय."

थोरल्या दिरांनी विनवलं, माझ्या नवऱ्यानं रागावून बघितलं. अक्का ढिम्म. मग मी ठरवलं, हे काम आपलंच. घरातल्या प्रत्येक लग्नात मी नकला करते, रुसलेली विहीणबाई तर अशी करते की खऱ्या विहीणबाई उठून जातात. दुसऱ्या दिवशी टाकीपाशी आलो आणि मी अशी किंचाळून खाली बसले की टाकीवरची कबुतरं उडाली.

"काय झालं ग?"

"गुडघा, अक्का!"

"कंचा?"

हे मी ठरवलंच नव्हतं. "उजवा," मी म्हणाले आणि तोच धरला.

अक्कांनी डोंगराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हात पुढं केला. "चल पाळीवर. तुझ्यापायी हे पण करावं लागतंय."

माझं सोंग फार रंगलं. मी घरातही लंगडायला लागले. शेजारणीनं निरगुडीचा पाला आणून दिला. थोरल्या दिरांना खरं ठाऊक होतं, ते पेपरामागं तोंड लपवून हसायचे. आणि मी, खरं सांगते, माझ्या हुशारीवर बेहद्द खूश होते.

फक्त संध्याकाळ जड जायची. अक्का करडईचं तेल लसूण घालून गरम करायच्या, माझ्यासमोर जमिनीवर बसायच्या आणि गुडघा चोळायच्या. चोळता चोळता त्यांनाच धाप लागायची.

"राहू द्या ना, अक्का."

"गप बस. तुझा पाय बरा झाला की डोंगर."

म्हणजे त्या वाट बघत होत्या. मग माझा गुडघा बरा व्हायची सोयच राहिली नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मी लंगडतच होते.

दिवाळीनंतर अक्का दोन दिवस लेकीकडं ईट गावाला गेल्या. त्या सकाळी टाकीपाशी माझे पाय आपोआप उजवीकडं वळले. वर जाऊन पवनचक्कीखाली मी इतक्या मोठ्यानं आरोळ्या ठोकल्या की खालच्या रानातला गुराखी मान वर करून बघत राहिला.

अक्का आल्यावर पुन्हा पाळ. मध्यावर आम्ही दगडावर टेकलो. अक्का वाकल्या आणि त्यांनी माझ्या मोज्यातून काहीतरी उपटलं. कुसळ होतं. मग दुसरं, तिसरं. बुटाच्या नाडीत, फिरायच्या त्याच साडीच्या काठात, सगळीकडं. एकेक काढून त्या तळहातावर ठेवत गेल्या.

"पाळीवर कुसळ न्हाय," त्या म्हणाल्या. "ही डोंगरावरची हायत. कधी गेलतीस?"

"तुम्ही ईटला होता तेव्हा."

"गुडघा घेऊन?"

मी पदर ओढून गुडघा झाकला.

"दुखणं खोटंय व्हय? कधीपासनं?"

"पहिल्या दिवसापासनं."

"कुणी शिकवलं? आमच्या ह्यांनी?"

"न्हाय अक्का. माझं मीच."

तलावावर दोन बगळे उतरले. अक्का त्यांच्याकडं बघत होत्या. "म्हणजे मी रोज धडधाकट पायाला तेल लावलं. आणि तू लावून घेतलंस."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून..."

"डॉक्टरनं मला सांगितलं. मला! ऐकायचं का न्हाय ते माझं मी बघितलं असतं. तू माझी जाऊ हायस, का मी तुझं लेकरू?"

त्या उठल्या, टाकीपर्यंत परत गेल्या आणि उजवीकडं वळल्या. मी मागं मागं. हात धरायची हिंमत झाली नाही. पहिल्या चढाला त्यांचा श्वास भात्यासारखा वाजायला लागला. ओठ काळवंडले. "बसा, अक्का" हे शब्द माझ्या जिभेवर येऊन थांबले होते, पण आता सांगायचा हक्क मी गमावून बसले होते.

पहिल्या वळणावर त्या आपणहून दगडावर बसल्या. बराच वेळ वर बघत राहिल्या. पवनचक्क्यांची पाती फिरत होती.

"फुडं न्हाय जमायचं," त्या म्हणाल्या. मला नाही, त्या डोंगरालाच सांगत होत्या.

मी रडायला लागले. त्यांनी बघितलं आणि नजर पुन्हा वर वळवली. श्वास जागेवर आल्यावर आम्ही खाली उतरलो. त्या संध्याकाळी तेल गरम झालं नाही.

दुसऱ्या दिवशी टाकीपाशी मी थांबले आणि गप्प राहिले. गप्प राहणं मला किती अवघड जातं ते आमच्या घरात कुणालाही विचारा. अक्कांनी पदर खोचला आणि त्या डावीकडं वळल्या. मीही त्यांच्यामागं निघाले.

चार पावलांवर त्या थांबल्या. "तू कुठं निघालीस?"

"तुमच्यासंगं."

"पाय धड हायत ना? मग जा वर. माझं मी ठरवलंय, आता तुझं तू ठरव."

त्या पाळीवरून चालू लागल्या, ताठ, हळू. त्या पहिल्या बाभळीपर्यंत पोचेस्तोवर मी तिथंच उभी होते. मग मी उजवीकडं वळले.