परिपाठाचा शब्द

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, आणि सांगतानाही दचकतोय — हा माणूस खरंच मीच का?

अणदूरजवळच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवतो. रोज परिपाठाला फळ्यावर एक इंग्रजी शब्द अर्थासकट लिहायचा, हे माझं काम. त्या दिवशी लिहिला — wry, राय. म्हणजे चेहरा कोरा ठेवून केलेली तिरकस थट्टा. शब्दाचा मूळ अर्थ मात्र वळलेलं, वाकडं. अशी थट्टा करताना ओठ एका बाजूला वळतो ना, तसं.

आमच्या विज्ञानाच्या बाई अशाच थट्टेच्या. त्या उन्हाळ्यात त्यांच्या चेहऱ्यावरून वारं गेलं, तोंड डावीकडं ओढलं गेलं. जूनमध्ये शाळेत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आता एकाच बाजूनं हसाया परवडतंय." आम्ही हसलो. माइकवर परिपाठ त्याच घ्यायच्या. तशा तोंडानंही त्यांनी तो सोडला नाही. त्याला किती धीर लागत असेल, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं.

दहावीच्या पोरांना शब्द उमजेना, म्हणून मी माझा ओठ डावीकडं ओढून दाखवला. नाव घेतलं नाही — गरजच पडली नाही. वर्ग खदाखदा हसला. अ तुकडीत चुकून झालं म्हणू. पण ब तुकडीत? तिथं मी एक डोळाही बारीक केला, हुबेहूब त्यांच्यासारखा. मला ते हसणं पुन्हा हवं होतं.

पोरं त्यांना राय बाई म्हणू लागली. फळ्यावरचा शब्द तोवर पुसला गेला होता, म्हणून त्यांनी अर्थ मलाच विचारला. थट्टेचं सांगितलं, ओठाचं गिळलं. "व्हय का? लई चांगला शब्द हाय की," म्हणाल्या. खूश झाल्या हो त्या!

दुसऱ्या दिवशी माइकवरून त्यांनी तो अर्थ कौतुकानं सगळ्या शाळेला सांगितला. पहिल्या रांगेतल्या एका पोरीनं ओठ ओढला. मग दुसरीनं. मग रांगच्या रांग — बारीक केलेल्या डोळ्यासकट. बाई बघत राहिल्या. मी हजेरीत डोकं घातलं.

दुपारी तोंडावर पदर धरून त्या माझ्याजवळ आल्या. "सर, हे कुणी शिकवलं असंल हो पोरांना?"

पोरांनी माझं नाव सांगितलं नव्हतं.

"कुणी न्हाय, बाई," मी म्हणालो. "पोरंच वाईट हैत."

त्या पुन्हा माइकसमोर उभ्या राहिल्या नाहीत. परिपाठ आता मी घेतो.