पतंगांचे आकाशकंदील

मी नोकरीचा राजीनामा दिला तो आकाशकंदिलांसाठी. हे सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग हळूच माझ्या बायकोकडे. बायको मान डोलावते. हो, खरं आहे.

आम्ही कराडचे. बायको शास्त्रज्ञ. तिला लखनौला संशोधन संस्थेत नोकरी लागली, तिच्यामागोमाग मी आलो, जानकीपुरमला घर घेतलं आणि मी चिनहटच्या एका कारखान्यात खरेदी विभागात चिकटलो. कच्चा माल वेळेवर आणून देणं हे माझं काम. हे लक्षात असू द्या, कारण पुढे मीच ते विसरणार आहे.

कंदिलाचं वेड मला शाळेपासूनचं. ऑफिसातून आलो की शर्टही न बदलता मी बाल्कनीत बांबूच्या कामट्या तासत बसायचो. त्यासाठी मला दिवाळी लागायची नाही. मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा आमच्याकडे नवा कंदील लागायचा आणि शेजाऱ्यांना वाटायचं, महाराष्ट्रात बारा महिने सणच असतो. दर दिवाळीला आम्ही गावी जायचो आणि येताना माझ्या बॅगेत पतंगाच्या कागदाची भलीमोठी सुरळी असायची. कपडे कुठे ठेवायचे, हे बायको दरवर्षी विचारायची.

यंदा गणपतीत आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष आरतीला आल्या. सगळे त्यांना मॅडमच म्हणतात. प्रसाद हातात घेऊन त्या कंदिलाखाली उभ्या राहिल्या त्या हलेचनात. विजेच्या माळांचा त्यांना कंटाळा आला होता. दिवाळीत समोरच्या टॉवरच्या प्रत्येक बाल्कनीत असा एक हवा, धनतेरसच्या आधी, असं त्यांनी सांगितलं. मी हो म्हणालो. बहुतेक त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच म्हणालो.

त्यानंतर माझ्या डोक्यात जी हवा गेली ती विचारू नका. मी धंद्याचं नाव ठरवलं, ते बदललं, कार्डं छापली, त्यावरचा कंदील तिरका आला म्हणून पुन्हा छापली. दसऱ्याला आपट्याची पानं वाटावीत तशी मी कार्डं वाटत सुटलो. आणि त्याच भरात एके दिवशी राजीनामा दिला. साहेब भला माणूस. कागद ड्रॉवरमध्ये ठेवून म्हणाले की तूर्तास सुट्टी समजा, दिवाळीनंतर बोलू. मला त्याचाही राग आला, म्हणजे यांना वाटतंय मी परत येणार! घरी बायको नुसतं "बरं" म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

ऑर्डर वेळेवर गेली तर धंदा उभा राहणार होता. फसली तर साहेबांच्या ड्रॉवरमधून तो कागद परत मागायचा आणि मान खाली घालून चिनहटची बस पकडायची. तिसरा मार्ग नव्हता.

नमुने करून झाल्यावर मी थाटात निशातगंजला गेलो. तिथल्या गल्लीत पतंगांचं एक जुनं दुकान आहे. माझा हिशोब सरळ होता. पतंग म्हणजे संक्रांत. दिवाळीत पतंगवाला बिचारा माश्या मारत बसलेला असणार, कागद आणि कामट्या म्हणू त्या भावात देईल, वर चहाही पाजेल.

दुकानासमोर ही गर्दी! लोक एकमेकांच्या खांद्यावरून हात घालून पतंग ओढत होते. मी एकाला विचारलं, काय चाललंय. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि सांगितलं, जमघट. लखनौत पतंग उडतात ते संक्रांतीला नव्हे, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या पाडव्याला. अख्खं शहर गच्चीवर असतं. इतकी वर्षं मी या गावात राहत होतो आणि दर वर्षी नेमका त्याच दिवशी कराडला अभ्यंगस्नान करून चिवडा खात बसलो होतो.

दुकानदाराकडे कागदाचा एक ताव नव्हता, एक कामटी नव्हती. सगळ्याचे पतंग झाले होते. भिंतीला पतंग, माळ्यावर पतंग, त्याच्या गुडघ्याशी पतंग. मी कपाळाला हात लावला. खरेदी विभागातला माणूस, आणि मोसम न विचारता ऑर्डर घेतो! चिनहटला माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पतंग म्हणजे तरी काय, कागद आणि कामट्याच की. मी म्हणालो, छोटे पतंग द्या, ढीगभर. कशासाठी, असं त्याने विचारलं आणि मी भोळेपणाने सांगून टाकलं की कापून कंदील करायचेत. त्याने समोरची थप्पी स्वतःकडे ओढून घेतली.

"भाईसाहब, पतंग उड़ाने की चीज़ है। काटने के लिए हम नहीं देंगे।"

मी भडकलो. विकत घेतलेल्या वस्तूचं मी काय करीन ते मी करीन, असं शुद्ध मराठीतच बोलून गेलो. तो हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. शेवटी मीच नरमलो. कापणार नाही, फाडणार नाही, खळ लावणार नाही, असं कबूल केल्यावर त्याने थप्पी पुढे सरकवली. रिक्षात पतंगांचे गठ्ठे मांडीवर घेऊन बसल्यावर मला कळलं की न कापता, न चिकटवता कंदील कसा करतात हे मला ठाऊकच नाही.

पण हात चालू लागले की डोकं चालतं. चार पतंग टोकावर उभे केले, शेजारच्या टोकांना दोऱ्याने गाठी मारल्या, आणि कंदिलाचा घेर जमला! वरच्या-खालच्या फटींत कराडच्या सुरळीतले त्रिकोण, तेही दोऱ्यानेच बांधलेले, तळाला झिरमिळ्या, आत दिवा. पतंगांच्या कामट्यांच्या सावल्या भिंतीवर पडल्या तेव्हा मी बायकोला हाताला धरून प्रयोगशाळेच्या कामावरून उठवलं. ती माझ्याशेजारीच गाठी मारायला बसली. त्या दिवसांत आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, भाजीसुद्धा बाल्कनीत चिरली जायची.

धनतेरसला समोरचा टॉवर उजळला. मी खाली रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो की हे मी केलेत. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगत होतो. आनंद नुसता अंगात मावत नव्हता.

पाडव्याला सकाळी बायकोने मला ओवाळायला घेतलं. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि माझी नजर तिच्या खांद्यावरून समोर गेली. बाल्कन्या रिकाम्या! कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत राहायला हवेत, आणि हे लोक लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी काढून मोकळे? मी पाटावरून उठलो तो तडक समोरच्या टॉवरच्या गच्चीवर. लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही.

गच्चीवर अख्खी सोसायटी होती. खाली माझ्या झिरमिळ्या नीट गुंडाळून ठेवलेल्या, आणि वर आभाळात माझे कंदील. लोकांनी गाठी सोडून पतंग उडवले होते. मॅडम स्वतः मांज्याची चरखी धरून उभ्या होत्या. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच बोलल्या.

"अगले साल दो-दो बनाइएगा। एक टाँगने का, एक उड़ाने का।"

बाकीच्या टॉवरवाल्यांनीही विचारलंय, असंही त्या म्हणाल्या आणि पुन्हा वर बघू लागल्या. मीही वर बघितलं. संध्याकाळी दिवा घेऊन लटकणारी माझी वस्तू सकाळी ऊन घेऊन उडत होती. राग कुठे गेला कळलं नाही. मी वेड्यासारखा हसत सुटलो.

मागून बायको आली, धापा टाकत, हातात अजून निरांजन. मला वाटलं, ओवाळणं अर्धवट टाकलं म्हणून चिडणार. तिने माझ्या पायांकडे बोट दाखवलं.

"चिनहटच्या कुठल्या मालासाठी तू असा अनवाणी पळाला असतास का रे?"

पायांत खरंच चपला नव्हत्या. तिथूनच, गच्चीच्या त्या गोंगाटात, मी साहेबांना फोन लावला आणि ड्रॉवरमधला तो कागद मंजूर करून टाका म्हणून सांगितलं.