दारावरचं शून्य

सुरतेतल्या त्या मोठ्या साथीनंतर कोसाडच्या आमच्या चाळीत दर बुधवारी तापाची पाहणी करणारा एक माणूस यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

"ताप? खोकला? घसा?" हे तो एका सुरात विचारायचा. 'नाही' म्हटलं तरी लगेच हलायचा नाही, मान तिरकी करून आतली चाहूल घ्यायचा. मग चौकटीवर खडूने आजाऱ्यांचा आकडा लिहून बोटं फुंकायचा. मागून येणारा डॉक्टर तो आकडा बघूनच घरात शिरायचा.

एका बुधवारी माझी आई तापाने फणफणली होती. त्याने 'एक' लिहिला. ज्याच्या घरात ताप, त्याला आमच्या कापड कारखान्याचा शेठ लूमवर उभं करत नसे, आणि त्याचा माणूस चाळीतले आकडे बघत फिरे. म्हणून मी तो पुसून शून्य काढलं. डॉक्टर दारावरून पुढे गेला.

आतून आईने अहिराणीत विचारलं, "डॉक्टर उना का रे?"

"येईल," मी म्हणालो.

परत जाताना तो पाहणीवाला माणूस शून्य बघून दाराशी थबकला. मला वाटलं, आता चारचौघांत लाज काढणार माझी. त्याने फक्त खडू पुढे केला. "दादा, पुसलं तुम्ही, आता लिहा पण तुम्हीच." मी पुन्हा 'एक' लिहिल्यावर तो डॉक्टरला हाक मारायला धावला.

आई बरी झाली. शेवटपर्यंत ती सगळ्यांना सांगायची, डॉक्टर चुकून पुढे गेला होता, माझ्या लेकानेच त्याला परत आणला.

मी ऐकून घ्यायचो.