शिवराक कान

माझ्या उजव्या कानात एक बारीक रिंग आहे. पाळीत नाही. कानाच्या भोकाच्या तोंडाशी मऊ हाडाची जी घडी असते, तिच्यातून ती ओवलेली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, पणजीच्या सरकारी कचेरीत फायली पुढे ढकलणाऱ्या माणसाला ही कशाला, असं लोक विचारतात, आणि बरेच दिवस मी त्यांना खोटं सांगत होतो. खरं एवढंच आहे की मला ती हवी होती.

चोपड्याला पुलाजवळ आमची बस थांबली होती. रस्त्याकडेला एक गोरा कलिंगड निवडत होता. माझ्याच वयाचा, पोटही माझ्याएवढंच. त्याच्या कानात अशी रिंग होती. तो कलिंगडावर टिचक्या मारत होता आणि कुणाला विचारायला हवं असा भाव त्याच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हता. मी कलिंगडसुद्धा घरी फोन करून घेतो.

बायकोला ‘मला रिंग हवी’ असं सांगायचा धीर झाला नाही. तिथे टोचलं की अर्धशिशी थांबते असं काही लोक मानतात, हे मी मोबाइलवर वाचलं होतं. मला अर्धशिशी नव्हती. माझं डोकं वर्षातून दोनदा, उन्हातल्या लग्नाचं जेवण जेवल्यावर दुखायचं. ते मी आठवड्यातून दोनदा दुखवायला लागलो.

बायको घाबरली. बाम झाला, सुंठीचा लेप झाला. मग मी हळूच कानाचा उपाय सांगितला. ती म्हणाली, “देवाला विचारू.” आमच्या पेडण्यात विहीर खणण्यापासून म्हैस विकण्यापर्यंत सगळं देवाला विचारून होतं, त्यामुळे मला नाही म्हणता येईना. गुरवाने मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं : ह्या लेकराची अर्धशिशी कान टोचून जात असेल तर उजवी दे, म्हाराजा. मागे उभे असलेले म्हणाले, “होय म्हाराजा.”

उजवी पाकळी टपकन पडली. देवाला तरी कळायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं.

बायकोने तिथल्या तिथे हात जोडून नवस बोलला : “ह्यांचा कान बरा होईपर्यंत मी शिवराक राहीन.” शिवराक म्हणजे नुस्तं, म्हणजे मासळी, बंद; मटण बंद, अंडंसुद्धा बंद. ही बाई सोमवारचा शिवराक दिवस मंगळवारच्या तळलेल्या बांगड्यांबद्दल बोलत काढते. पण मुलीच्या टोचलेल्या कानाच्या पाळ्या आठवड्यात बऱ्या झाल्या होत्या, हे तिला आठवत होतं. एक आठवडा ती सोसणार होती. माझ्यासाठी.

टोचायला आम्ही आमच्या सोनाराच्या, शेटच्या, मुलाकडे गेलो. आमच्या घरातला एकही कान त्या सोनाराच्या घराबाहेर गेलेला नाही. माझ्या पाळ्या बाराव्या दिवशी त्याच्या बापाने टोचल्या. मुलाने मात्र किनाऱ्यावर परदेशी लोकांसाठी दुकान काढलं आहे. भिंतीवर नाकं, भुवया आणि बेंब्या, त्यांच्या वर गणपती.

त्याने हातमोजे चढवले, माझ्या कानात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, “काका, हे डेथ.”

“कोण गेलं?” बायकोने विचारलं.

“कोण नाही गेलं, काकी. ह्या जागेचं नाव तसं आहे.” मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, “अर्धशिशीसाठी करत असाल तर आधीच सांगतो, डोक्याचा भरवसा मी देत नाही. नुसती हौस असेल तर मात्र रिंग झकास बसेल.”

खरं बोलायचं दार कुणी इतकं सताड उघडून दिलं नसेल. बायको शेजारी माझा हात धरून बसली होती. मी म्हणालो, “डोक्यासाठीच.”

त्याने जागेवर शाईचा ठिपका दिला आणि सुई उचलली.

“बरं व्हायला किती दिवस?” बायकोने विचारलं.

“हे मऊ हाड आळशी असतं, काकी. सहा महिने धरा. कधी वर्ष.”

त्याच क्षणी सुई गेली. मी ओरडलो. बायको माझ्याहून मोठ्याने ओरडली. शेटचा मुलगा घाबरून म्हणाला, “काकी, तुम्हाला कुठे लागलं?”

त्यानंतर आमच्या घरी जे सुरू झालं ते कुणावर येऊ नये, असं मी म्हणेन. बायको रोज माझ्यासाठी माशाचं हुमण करायची आणि स्वतः दुधी खायची. “अजून एक बांगडा घ्या, जखम भरून येईल,” म्हणायची. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या कोमट पाण्याने माझा कान शेकायची आणि विचारायची, “डोकं कसं आहे?”

“बरं आहे.”

हे ‘बरं आहे’ तिने गावभर पोचवलं. लोक माझा कान बघायला येऊ लागले. शेजारचे पोस्टातून निवृत्त झालेले भाऊ डोक्याने खरेच बेजार होते. ते माझ्यासमोर बसून म्हणाले, “तुला गुण आला म्हणजे मलापण येईल.” मी मान हलवली. दोन दिवसांनी शेटच्या मुलाचा फोन आला. “काका, डोकेवाले पाठवू नका हो. पाच जणांना परत पाठवलं. एक पोस्टवाले तर रडायला आले.”

त्या रात्री जेवायला तिसऱ्या होत्या, चोपड्याच्या खाडीतल्या. कान ठणकत होता म्हणून बायको एकेक शिंपली उघडून माझ्या ताटात टाकत होती. शेवटची उघडल्यावर तिने आपली बोटं नाकाशी नेली, क्षणभर तशीच धरली आणि मग उठून साबणाने धुतली.

मी हातातला घास ताटात ठेवला. मी म्हणालो, “माझं डोकं दुखत नव्हतं.”

“म्हणजे बरं झालं ना?”

“आधीपासूनच दुखत नव्हतं.”

“मग कान कशाला टोचला?”

“हौस.”

“हौस?” ती खुर्चीत बसली. “अहो, हौस होती तर हौस म्हणायचं! मी नको म्हटलं असतं, तुम्ही चार दिवस तोंड पाडून बसला असता, मग टोचला असता. एवढंच झालं असतं ना? मी इतके दिवस दुधी खाल्ला! दुधी!”

ती दुसऱ्या खोलीत गेली. मी भांडी घासली. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, “देवाला चुकीचं सांगितलंय. उद्या बरोबर सांगायचं.”

दुसऱ्या दिवशी देवळात नेमकी गर्दी होती, आणि गर्दीत पोस्टवाले भाऊ होते. गुरवाने सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “गाऱ्हाण्यात काय घालू? लबाडी म्हणू?”

बायको म्हणाली, “हौस म्हणा.”

गुरवाने खणखणीत आवाज लावला : ह्या तुझ्या लेकराने हौसेपायी कान टोचला आणि तुझ्या पायाशी अर्धशिशी म्हणून सांगितलं, म्हाराजा. चूक झाली ती पोटात घाल, म्हाराजा.

“होय म्हाराजा,” लोक म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज भाऊंचा होता.

“आता नवस मोडायचं विचारतो,” गुरव म्हणाला.

“मोडायचा नाही,” बायको म्हणाली. “नवस आहे तसाच राहू दे. फक्त माणूस बदलायला विचारा.”

गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. देवाला सगळं कळत होतं, आणि तो वाट बघत होता, असं मला तेव्हा वाटलं.

शेटचा मुलगा म्हणतो, कानाला अजून चार महिने तरी लागतील. रिंग काढून टाकली तर भोक लवकर बुजेल आणि नवसही सुटेल, हे मला माहीत आहे. बायकोलाही माहीत आहे. तिने एकदाही ‘काढा’ म्हटलेलं नाही. मीही काढलेली नाही. आज दुपारी माझ्या ताटात दुधी होता. समोर बसून तिने तळलेल्या बांगड्याचा काटा सावकाश बाजूला केला आणि विचारलं, “डोकं कसं आहे?”

“दुखतंय,” मी म्हणालो. खरंच दुखत होतं.

“हो का?” ती म्हणाली आणि दुसरा बांगडा घेतला.