फोटोतली जर्मन गाडी आणि जुन्नरहून परतीचा रस्ता

आधीच सांगते, हे रागाने लिहिलेलं आहे. जुन्नर-आंबेगावला जायचा बेत असेल तर जरूर जा. रस्ते, लॉज, खाणं, सगळं खाली येईल. पण इंटरनेटवर फोटो बघून कुणाची जुनी गाडी आणायला निघाला असाल, तर शेवटपर्यंत वाचा आणि मगच बॅग भरा.

मी मंगल. कराडला माझं आणि ह्यांचं मोटर ड्रायव्हिंग स्कूल आहे. अठरा वर्षं झाली. बायकांना मी शिकवते, पुरुषांना हे. म्हणजे अठरा वर्षं मी डावीकडच्या सीटवर, पायाखाली जादा ब्रेक घेऊन, लोकांच्या चुका थांबवत बसले आहे. एकदा तरी स्वतःच्या, लांब बॉनेटच्या गाडीत उजवीकडे बसावं, एवढीच हौस होती. गेल्या दिवाळीनंतर आम्ही नेट घेतलं आणि जुन्या गाड्यांच्या एका साइटवर मला ती दिसली. बॉनेटवर चांदणी असलेली जर्मन डिझेल, साय रंगाची, चौऱ्याऐंशी सालची. सहा फोटो. 'एकाच मालकाची, कागदपत्रं चोख, घ्या आणि घरी चालवत न्या.' किंमत एक लाख ऐंशी हजार.

विकणाऱ्याचं नाव दिनेश. जुन्नरमध्ये गाड्यांच्या खरेदी-विक्रीचं दुकान. फोनवर इतका गोड बोलायचा की पहिल्या दोन फोनमध्येच मी ताईची मंगलताई झाले. "ब्रेक कसे आहेत?" मी विचारलं होतं. "ताई, नव्या गाडीला लाजवतील," तो म्हणाला. मी वीस हजारांचा डीडी पाठवून दिला. हे म्हणाले, "बघून तरी ये आधी." मी म्हणाले, "फोटोत दिसतंय की सगळं." हे वाक्य मी कुठल्या विद्यार्थिनीच्या तोंडून ऐकलं असतं, तर तिला तिथेच खाली उतरवलं असतं.

जानेवारीत निघालो. सोबत माझी मोठी नणंद, उषावन्सं. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. कराडहून स्वारगेट, मग रिक्षाने शिवाजीनगर आणि तिथून नाशिकची एसटी धरून नारायणगाव. सकाळी सहाला निघालो आणि जेवायच्या वेळेला पोहोचलो. स्टँडसमोर मिसळ खाल्ली, तिखट पण पोट न जाळणारी. नारायणगावहून जुन्नरला जीप भरभरून जातात, पण त्यात कोंबून बसण्यापेक्षा दहा मिनिटं थांबून एसटीच घ्या. राहायला स्टँडजवळ लॉज मिळालं, अडीचशे रुपये, गरम पाणी बादलीने. चादरी स्वच्छ होत्या.

गाडी दिनेशच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. खरं सांगते, बघितल्यावर मी आधी तिच्याभोवती दोनदा फिरून आले. तो साय रंग उन्हात लोण्यासारखा दिसत होता. दरवाजा लावला तर आवाजही कसा, जड कपाट मिटल्यासारखा. किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात चालू. शेडसमोरच्या सपाट मोकळ्या जागेत मी एक फेरी मारली, ब्रेक दाबला, गाडी थांबली. पेडल जरा खोल गेलं. मी मनाशी म्हटलं, जुनी गाडी आहे, असायचंच.

गाडीखाली मी वाकले नाही. का, ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. नवी साडी नेसले होते.

दुकानाच्या दाराशी एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. दिनेशचे वडील, अण्णा. आयुष्यभर एसटी चालवलेली. मी ड्रायव्हिंग शिकवते म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "लई चांगलं काम," म्हणाले. "लोकं शिकत्यात, पर थांबायला कुनी शिकत न्हाई. निसतं पळवायला शिकत्यात." दिनेशने घाईघाईने कागद पुढे केले. मी सह्या केल्या आणि उरलेले पैसे दिले.

वन्संची इच्छा म्हणून दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा लेण्याद्री. जुन्नरहून जेमतेम सहा किलोमीटर. पायऱ्या तीनशेच्या आसपास, त्यामुळे उन्हाच्या आत चढा, आणि हातात खायचं काही ठेवू नका, माकडं सोडत नाहीत. वर गणपती आहे तोही लेण्यातच, खांब नाहीत, आणि शेजारच्या लेण्यांत इतका गारवा की वन्सं म्हणाल्या, "इथे वॉर्ड काढायला हवा होता." खाली येऊन गाडीला हार घातला, नारळ फोडला. आसपासची माणसं कौतुकाने बघत होती. मी खूश होते. ते दोन तास मला आता आठवले की जास्त राग येतो.

वन्संची नर्सिंगच्या दिवसांतली मैत्रीण कमल पारगावला राहते, तिच्याकडे जेवायला थांबून पुढे पुण्याकडे, असा बेत होता. नारायणगावपर्यंत रस्ता अरुंद पण बरा. हायवेला भाजीच्या ट्रकांची रांग, ओव्हरटेक करायच्या फंदात पडू नका. मंचरहून आत वळलं की दोन्ही बाजूंना ऊस. कारखान्याचा हंगाम चालू होता, हवेत मळीचा वास. कमलताईंनी मासवडी केली होती. नावावर जाऊ नका, तिच्यात मासा नसतो. बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि सोबत जाळ रस्सा. त्यांचे मिस्टर, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुर्चीत बसून, मला दहा वेळा म्हणाले, "पावणं, अजून घ्या." ह्या भागात कुणी मासवडीला बोलावलं तर नाही म्हणू नका.

जेवून तीन वाजता निघालो. पारगावकडून अवसरी बुद्रुककडे येताना एका ओढ्याकडे रस्ता उतरतो. फार मोठा उतार नाही. पुढे कारखान्यावर ऊस टाकून रिकामी परत चाललेली बैलगाडी होती. गाडीवर एक बाई आणि तिच्या मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी. नवरा पुढे बैल हाकत होता. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. मी ब्रेकवर पाय ठेवला.

पाय सरळ खाली गेला. काही म्हणजे काही लागलं नाही.

दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला. तिसरा गिअर टाकला, मग दुसरा, इंजिन किंचाळलं. हँडब्रेक ओढला तर तो नुसता वर आला. डावीकडे बसलेल्या वन्सं माझ्याकडे बघत होत्या, त्यांना काही कळलं नव्हतं. मी हॉर्नवर हात दाबून धरला. बाईने मागे वळून पाहिलं. उजवीकडे ट्रॅक्टर, समोर ती आणि तिची मुलगी, डावीकडे चर आणि चराच्या पलीकडे तोडलेल्या उसाचं रान. मी स्टिअरिंग झटक्यात डावीकडे फिरवलं. आमचा आरसा बैलगाडीच्या चाकाला लागून उडाला. गाडी चरावरून आदळून पाचटात घुसली आणि शे-दीडशे फुटांवर थांबली.

मी उतरून मागे पळाले. बैल बुजले होते, नवरा कासरे ओढून त्यांना धरत होता. बाईने मुलीला कवटाळून खाली उडी मारली होती. तिचा गुडघा फुटला होता. मुलगी रडतही नव्हती, नुसती बघत होती.

"लागलं का? मुलीला काही झालं का?" मी विचारलं.

बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्या गाडीकडे बघितलं. "लई मोठी गाडी हाय तुमची," ती म्हणाली. "थांबवायला येत न्हाई व्हय?"

अठरा वर्षांत मला असं कुणी बोललेलं नाही. वन्संनी पिशवीतून पट्टी काढली, गुडघा धुतला, बांधला. मी बाईचं नाव विचारलं. तिने सांगितलं नाही. तिच्या नवऱ्याने मात्र बैल सोडले, दोर लावला आणि आमची गाडी पाचटातून ओढून रस्त्याकडेला आणून दिली. मी पैसे पुढे केले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. आधी ती नीट करा." आणि ते निघून गेले.

ट्रॅक्टरवाल्याने अवसरी बुद्रुकहून बाळूमिस्त्रींना धाडलं. ट्रॅक्टर आणि पंप दुरुस्त करणारा माणूस, मोटरसायकलवर पाने-पक्कड घेऊन आला. पाठीवर सरपटत गाडीखाली गेला. मग आतूनच म्हणाला, "ताई, गाडी कुनाकडनं घेतली?"

मी सांगितलं.

"ह्यो पाईप आज फुटला न्हाई. जुनी चीर व्हती. पत्र्याचे खड्डे बुजवायची लांबी असती ना, ती फासलीया आन वर काळा रंग मारलाय. आन मागच्या चाकांची लाईन तर ठोकून बंदच केलीया. तुमी एका पाईपावर आलात, तो बी असला."

"आपोआप होऊ शकतं का असं?"

"रंग आपोआप लागत न्हाई, ताई." तो बाहेर आला आणि पाईप माझ्या हातावर ठेवला. रंग ताजा होता.

ती रात्र आम्ही कमलताईंकडे काढली. दुसऱ्या दिवशी बाळूमिस्त्रींनी मंचरहून सामान आणून दोन्ही लाईन नव्या केल्या, हँडब्रेकची तार बदलली आणि दुपारी मला म्हणाले, "आता तुमीच बघा." मी त्याच उतारावर चार वेळा बघितलं. ह्या वेळी गाडीखालीही वाकले. मग वन्संना म्हटलं, "कराडला उद्या जाऊ. आधी जुन्नर."

जुन्नरला पोहोचलो तेव्हा दुकानासमोर चहाच्या टपरीवर पाच-सहा माणसं होती. अण्णा खुर्चीत होते. दिनेश हसत बाहेर आला. "काय ताई, काही राहिलं का?"

"एक चक्कर मारू या," मी म्हटलं. "गाडी जरा समजावून द्या. बसा."

"आत्ता? आत्ता कामात आहे, ताई."

"पाच मिनिटं. शिवनेरीकडच्या चढाला जाऊन खाली येऊ. उतारावर कशी चालते ते बघायचं आहे."

त्याचा चेहरा बदलला. "जुनी गाडी आहे, उतारावर जरा..."

"जरा काय?"

टपरीवरची माणसं आमच्याकडे बघायला लागली. "ब्रेक नव्या गाडीला लाजवतील म्हणाला होतात ना तुम्ही? मग बसा."

"मी नाही बसत. मला वेळ नाही."

अण्णांनी हे सगळं ऐकलं होतं. ते उठले, हळूहळू चालत गाडीपाशी आले आणि डावीकडचा दरवाजा उघडला. "त्याला टाइम न्हाई तर मी येतो," म्हणाले, आणि बसले.

मी गाडी चालू केली आणि पहिला गिअर टाकला. गाडी हातभर पुढे सरकली असेल.

"अण्णा, उतरा!" दिनेश ओरडला आणि धावत येऊन त्याने दरवाजा धरला. "उतरा म्हणतो ना, ब्रेक गेलेत तिचे!"

मी गाडी जागेवर थांबवली. टपरीवरची माणसं उठून जवळ आली.

"आज दुपारपासून चांगले आहेत," मी म्हटलं. "आम्ही नीट करून घेतले. काल मात्र एक बाई आणि तिची लहान मुलगी हिच्याखाली आली असती." आणि पाईप अण्णांच्या मांडीवर ठेवला.

अण्णांनी तो फिरवून फिरवून बघितला. ज्यांनी आयुष्यभर एसटी चालवली, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. मुलाकडे त्यांनी बघितलंच नाही. मला म्हणाले, "ताई, शिव्या घाला. आमी ऐकून घेतो."

मी कालपासून शिव्या जुळवत आले होते. त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून एकही निघेना, आणि त्याचाही मला राग आला. दिनेशला घालायच्या शिव्या त्याच्या बापाने अंगावर घ्यायच्या, हा कुठला न्याय? मी एवढंच म्हटलं, "ह्याने साइटवर अजून दोन गाड्या टाकल्या आहेत. त्या काढायला लावा." अण्णांनी मान हलवली, हात जोडले आणि खुर्चीत न बसता थेट घराकडे चालत गेले.

दुसऱ्या दिवशी कराड. गाडी झकास चालली, खंबाटकी घाटातही दम लागला नाही. हजार रुपयांच्या डिझेलमध्ये पार घरी. हे गेटपाशी उभे होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी आधी गाडीखाली आडवं होऊन बघितलं.

साइटवर मी सविस्तर तक्रार लिहिली. दोन दिवसांत ती काढून टाकली गेली, कारण कळवलं नाही. महिन्याभराने तिथेच एक जुनी इंग्लिश गाडी दिसली, वेगळ्या नावाने, पण मागे तीच पत्र्याची शेड. मी ह्यांच्या फोनवरून नंबर लावला. आवाज ओळखीचा. "गाडी एक नंबर आहे, साहेबांना बघायला पाठवा की," तो म्हणाला. मी म्हटलं, "अण्णांना बसवून उतारावरून आणलीत का?" फोन बंद झाला. त्यानंतर तो नंबर लागत नाही. ती शेड अजून तिथेच आहे. म्हणून हे लिहिलं.

गाडी विकलेली नाही. रविवारी आम्ही दोघं तिच्यातून फिरायला जातो, लोक वळून बघतात. आता ती नीट थांबते. पण प्रत्येक वेळी ब्रेकवर पाय ठेवताना मधला तो एक क्षण येतो, पेडल खाली जातं आहे आणि अजून काही लागलेलं नाही. त्या क्षणात मी उसाच्या रस्त्यावर असते, आणि ती बाई मागे वळून माझ्याकडे बघत असते.