दुरडीवरचा बर्फ

आमच्या आईला बर्फ बघायचा होता. फ्रिजमधला नव्हे, डोंगरावरचा. मनालीची तिकिटं काढली, लोकरीच्या टोप्या आणल्या आणि आईच्या दम्याच्या डॉक्टरांनी एका वाक्यात सगळं मोडीत काढलं: एवढ्या उंचीवर न्यायचं नाही. आई "बरं" म्हणाली आणि टोप्या ट्रंकेत ठेवून आली. तिचं ते "बरं" मला फार लागलं.

धाकट्या बहिणीनं मात्र हट्ट सोडला नाही. तिच्याकडं एक गेम होता. त्यात एक माणूस पायी पायी बर्फाच्या शिखरावर जातो. "आईला मी नेते वर," म्हणाली. न्यायचं कशावर, तर माझ्या लॅपटॉपवर! तो मी शिकवणीच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला घेतलेला. वेगळं ग्राफिक्स कार्ड वगैरे त्यात नाही. गेम लावला की तो माणूस एक पाऊल टाकायचा आणि विचारात पडल्यासारखा थांबायचा.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," मी सुनावलं.

"अंथरूणच बघतेय, दादा," म्हणत ती सेटिंगमध्ये शिरली.

काटकसर आम्ही सगळेच करतो, पण ती कशात करायची नाही हे हिला कळतं. तिनं सावल्या बंद केल्या. गवत काढून टाकलं. नदीतली प्रतिबिंबं गेली, लांबची झाडं धुक्यात गेली, त्या माणसाची दाढीसुद्धा रंग फासल्यासारखी सपाट झाली. "आईला दाढी बघायची नाहीये," ती म्हणाली. बर्फाला तेवढा तिनं हात लावला नाही. आणि माणूस चालायला लागला.

रविवारी दुपारी आईला समोर बसवलं. मे महिना, सोलापूर. पंखासुद्धा गरम वारा फेकत होता. बहीण चार्जर आणायला आत गेली तेवढ्यात आईनं लॅपटॉपखाली कोरी चादर चौघडी करून घातली. आमच्याकडं किमती वस्तू उघड्यावर ठेवत नाहीत. टीव्हीखाली चादर, मिक्सरखाली चादर. माणूस निम्मा डोंगर चढला, लॅपटॉप घरघरायला लागला आणि पडदा काळा झाला.

आईचा चेहरा उतरला. "तितं बी मला चढू देत न्हाईत वाटतं."

माझा पारा चढला होता. बहिणीनं शांतपणे लॅपटॉपखाली हात घातला. तो तापला होता, आणि खाली चादर लागताच तिला हसू आलं. "आई, तव्यावरची भाकरी तू ताटात सपाट ठेवतेस का?"

"न्हाय की. खालनं घाम सुटतो. दुरडीत ठिवायची."

बहिणीनं चादर बाजूला काढली, आतून बांबूची दुरडी आणली, पालथी घातली आणि लॅपटॉप तिच्यावर ठेवला. खालून वारा खेळू लागला. जरा गार झाल्यावर गेम वाटेतल्या शेकोटीपासून पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी माणूस कुठंही न अडखळता वर पोचला. मी मनातल्या मनात त्या पोरीला हात जोडले.

वर सगळं पांढरंशुभ्र होतं. बर्फ भुरभुरत होता.

"लगेच उतरू नगं," आई तिला म्हणाली. मग बाजूला पडलेली ती चादर तिनं उलगडली, खांद्यावरून ओढून घेतली आणि पडद्यावरची नजर न काढता मला म्हणाली, "ट्रंकेतली माजी टोपी आण की."