तिसऱ्या मजल्यावरचं घर

त्याला भिंगरी म्हणायला सुरुवात वहिनीने केली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. ती लग्न होऊन आली त्या घरात सासू नव्हती. होता तो हा आईविना दीर, जेवतानाही ताटाभोवती फिरणारा. पोरगा बाकावर टिकत नाही अशी तक्रार आली, तेव्हा वहिनी शाळेत जाऊन मास्तरांना म्हणाली, "मग उभा करून शिकवा. कान उभ्यानेही चालतात." पुढे तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. दिवसभर वर-खाली, त्याच्या पायांना मानवणारा धंदा.

तो साठीला टेकला तेव्हा दादा जाऊन सहा वर्षं झाली होती. वहिनी न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं; पण पायाने काही बळ धरलं नाही. "महिनाभर व्यायाम कर, मग घरी जाऊ," असं सांगून भिंगरीने तिला शुश्रूषा केंद्रात ठेवलं. त्या महिन्याचे चौदा महिने झाले.

घर तिसऱ्या मजल्यावर. जन्मभर लोकांच्या लिफ्ट चालू ठेवणाऱ्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. जिना इतका अरुंद, की चाकांची खुर्ची वळणावरच अडली असती. त्याने टेप लावून मोजलं होतं. दोनदा.

दर रविवारी तो हत्यारांची पिशवी घेऊन यायचा. वहिनी विचारायची, "कधी नेतोस रे घरी?" तो म्हणायचा, "नळ गळतोय वाटतं," आणि उठायचा. नळ झाला, खाटेची चाकं झाली, खिडकीची कडी झाली, शेजारणीचा पंखाही झाला. सिस्टर म्हणायच्या, "असा दीर सगळ्यांना मिळो." ते ऐकलं की तो घाईघाईने पिशवी आवरायचा. परतताना तो बसथांबा मागे टाकून तसाच चालत सुटायचा.

एका रविवारी व्यवस्थापकबाईंनी त्याला दारातच अडवलं. आदल्या खेपेला त्याने गीझरला हात लावला होता आणि अख्खा मजला अर्धा दिवस गरम पाण्यावाचून राहिला होता.

"पिशवी इथे ठेवा. आज नुसतं भेटा."

तो रिकाम्या हातांनी आत गेला. खुर्चीवर बसला, उठला, खिडकी उघडली, लावली, परत बसला. चादरीवर वहिनीचा हात होता. इतका बारीक झालेला तो त्याने पहिल्यांदाच पाहिला.

"कधी नेतोस?"

त्याने नळाकडे पाहिलं. थेंबभरही गळत नव्हता, दुरुस्ती त्याचीच.

"नाही जमणार, वहिनी. जिन्यातून खुर्ची जात नाही. आणि महिनाभर म्हणालो ना, तेव्हाही मला खात्री नव्हती."

"हे तोंडातून काढायला चौदा महिने लागले तुला?"

"हो."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तो दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. चौथ्या खेपेला ती तशीच पाठमोरी म्हणाली, "खाटेखालची बॅग काढ."

बॅगेत साड्या, शाल, दादाचा जुना चष्मा, सगळं घडी घालून भरलेलं. रोज लागेल तेवढं ती वरचं काढून घ्यायची, धुऊन आलं की परत ठेवायला लावायची.

"घरी जायचंच आहे म्हणून कपाटात काही लावलंच नव्हतं. लाव आता. आणि घरून माझी उशी आण, रेडिओ आण. इथली उशी म्हणजे विटेची धाकटी बहीण आहे."

त्याला हसू आलं, आणि डोळेही भरले. तो भराभर साड्या लावू लागला. न राहवून तिने मान वळवलीच. "अरे, काठ आतल्या बाजूला!"

पुढचे दोन रविवार ती त्याच्याशी धड बोलली नाही. उशी मात्र तिने लगेच डोक्याखाली घेतली. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "मला जरा बाहेर काढ."

त्यानंतर ती दहा महिने जगली. बसणं भिंगरीला शेवटपर्यंत जमलं नाही. तो यायचा आणि तिला खुर्चीत घेऊन लांबलचक व्हरांड्यात फेऱ्या मारायचा. कुठल्या खोलीतल्या आजींचं कुणाशी बिनसलंय ते ती सांगायची. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं काय काय बडबडतात ते तो सांगायचा. एकदा पंचविसाव्या फेरीला सिस्टरने थांबवून विचारलं, "आजी, दमला नाहीत?"

"मी कशाला दमू?" वहिनी म्हणाली. "चालतोय तो."